दोन ओळी वर-खाली

आमच्या इमारतीच्या मागं जाळीचं एक मैदान आहे. मैदान कसलं, खोलीच म्हणायची. चारी बाजूंनी जाळी, वरून जाळी, खाली प्लास्टिकचं गवत. संध्याकाळी सहाला खांबांवरचे दिवे एकदम लागतात आणि चौथ्या मजल्यावरच्या माझ्या ओट्यावर पांढरा उजेड पडतो. दिवाळी सरून थंडी आली की त्या उजेडात दव दिसायला लागतं, बारीक, धुरासारखं. मग माझा हात थांबतो. तव्यावरची पोळी करपते. सून म्हणते, "आई, कुठं गेलात?" मी कुठं जाणार. गुडघे असे, पुण्यात ओळखीचं कुणी नाही, लिफ्टनं खाली उतरून लिफ्टनं वर यायचं. पण ती म्हणते ते खोटं नसतं. मी पूर्णेला गेलेली असते, परसातल्या भिंतीला कान लावून उभी.

पूर्णा जंक्शन तेव्हा परभणी जिल्ह्यातलं रेल्वेचं मोठं ठाणं. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. पुढं व्हरांडा, मागं परस, परसाला पुरुषभर उंच भिंत. भिंतीपलीकडं रेल्वे इन्स्टिट्यूटचं, म्हणजे कामगारांच्या क्लबचं, मैदान. दर थंडीत तिथं शनिवारी रात्री फुटबॉल चालायचा, कारण दिवसा सगळे कामावर. वर्षानुवर्षं मी त्या मैदानाशेजारी राहिले आणि एकही सामना डोळ्यांनी पाहिला नाही. भिंतीवरून चार खांबांची टोकं दिसायची, त्यांवरचे हॅलोजन, त्यांच्याभोवतीचे किडे. बाकी सगळं ऐकायचं. कोरड्या चेंडूचा आवाज टणक असतो. दव पडलं की चेंडू पाणी पितो आणि आवाज ओल्या धुण्यासारखा होतो, थप्प. त्यावरून मला कळायचं, आता उशिराचा सामना लागला.

फुटबॉल मला नवा नव्हता. मी कोल्हापूरची. वडील एका मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या कामाला होते आणि सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. रेघ वाकडी गेली की ते म्हणायचे, "पोरी, चेंडू कुठंही जाऊ दे, रेघ सरळ पायजे." मी आठवीत असताना ते गेले. शाळा सुटली, आणि दोन वर्षांत लग्न होऊन मी एक रात्र आणि एक दिवस प्रवास करून या गावी आले. नवरा रेल्वेत केबिनमन. म्हणजे स्टेशनाच्या टोकाला उंच केबिनमध्ये बसून, लोखंडी दांडे ओढून, कुठली गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते काम. घरात फुकट प्रवासाचा पास होता. पण पास असला म्हणजे जाता येतं असं नाही. सासूबाईंना दम्याचा त्रास, यांची पाळी, मग मुलगा. दोन-दोन वर्षं माहेरचं तोंड दिसायचं नाही. दिवसाला इतक्या गाड्या जायच्या की भांडी फळीवर थरथरायची, आणि मी त्या भांड्यांसारखीच जागच्या जागी. आमच्याकडं बायका 'मी आलो, मी जातो' असं बोलतात. पूर्णेच्या बायका हसायच्या. म्हणायच्या, "काय बाई पुरुषावानी बोलायलीस. आलो म्हने. आन् जायची तर कुठंच न्हाईस."

हे या फुटबॉल लीगचे सेक्रेटरी झाले ते कुणी तयार नव्हतं म्हणून. अक्षर यांचं किरटं, त्यामुळं वेळापत्रक लिहायचं काम माझ्याकडं आलं. लिहिता लिहिता ठरवायचंही आलं. रात्री दोन सामने: पहिला साडेसहाला, दुसरा आठाला दहा कमी असताना. उशिराचा कुणालाच नको असायचा. दव, थंडी, घसरण, आणि बघायला कुत्री. आधीच्या वर्षांत लोको शेडचा, म्हणजे इंजिनं दुरुस्त होतात तिथला, संघ सगळे लवकरचे सामने आपल्याकडं ठेवायचा, कारण सेक्रेटरी त्यांचाच. मी एका रात्रीत वहीच्या पानावर चौकोन आखले. पाच संघ, दहा सामने, पाच शनिवार. प्रत्येक संघाला दोन लवकरचे आणि दोन उशिराचे, ना एक कमी, ना एक जास्त. लोको शेड, बाजारपेठ, ताडकळस, परभणीहून येणारा एक आणि चुडावा लाइनचा एक. सगळ्यांना सारखं. तो कागद इन्स्टिट्यूटच्या बोर्डावर लागला तेव्हा लोक त्याला 'वहिनींचं टाइमटेबल' म्हणायला लागले. आठवीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर बोर्डावर, काचेच्या आत, किल्ली लावून. मी परसात भांडी घासताना उगाच हसायची. खोटं कशाला सांगू, माझं तेवढंच काय ते घराबाहेर गेलेलं होतं.

माझ्या टाइमटेबलच्या तिसऱ्या थंडीत, कागद लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, प्रल्हाद आला. चुडावा लाइनच्या संघाचा कॅप्टन. चुडावा स्टेशनापासून कोसभर आत त्यांची वस्ती. संघातली जवळजवळ सगळी पोरं बौद्ध घरांतली. प्रल्हाद रुळांच्या गँगमध्ये हंगामी कामाला होता. बारकासा, अंगात सुताचा काळा स्वेटर. व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर उभा राहिला. सासूबाईंनी चहा दिला तो खिडकीच्या कडेला वेगळ्या ठेवलेल्या काचेच्या ग्लासात. मला ते दिसलं, आणि मी काही बोलले नाही. हेही लिहायला हवं.

"ताई," तो म्हणाला, "आमचे दोन्ही उशिराचे सामने तेवढे आधी घ्या. बाकी कायबी मागत न्हाई."

"सगळ्यांनाच आधी पाहिजे असतं, प्रल्हादभाऊ."

"सगळ्यांचं येगळं हाय. आमाला सव्वानऊची पॅसेंजर गाठायची असते. ती गेली की सकाळपातूर गाडी न्हाई."

मी वही आणली. त्याला दाखवलं. उशिराचा सामना नऊला संपतो, गाडी सव्वानऊला, मैदानापासून स्टेशन सात मिनिटं. "आठ मिनिटं उरतात," मी म्हटलं. मला माझ्या हिशेबाचा फार भरवसा.

तो वहीकडं बघून हसला, पण वाईट नाही. "कागदावर लाईट जात न्हाई, ताई."

मी म्हटलं, एकाचं बदललं की सगळे येतील. ते खरंच होतं. मला भीती होती ती वेगळीच. एक ओळ हलली की लोक म्हणतील, बाईनं केलेलं आहे, असंच होणार. बोर्डावरचा कागद उतरेल. मी त्या चौकोनांत स्वतःला असं बसवून घेतलं होतं की हलायला जागा नव्हती. प्रल्हादनं ग्लास नळाखाली विसळला, पालथा घातला. "ठीक हाय ताई. तुमचं बरोबर हाय," म्हणाला आणि गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. 'तुमचं बरोबर हाय' हे वाक्य मला इतक्या वर्षांत पचलेलं नाही.

गाडी चुकली तर काय, हे मला कळायला हवं होतं आणि कळत नव्हतं. ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून वर्षानुवर्षं मराठवाडा पेटत-विझत होता. बातमी निघाली की एस्ट्या बंद, दुकानांच्या फळ्या खाली, आणि गावोगावच्या बौद्ध वस्त्यांत माणसं जागी. मी परमुलखातली. मला गावांची नावं माहीत, रस्ते माहीत नव्हते. कुठल्या रस्त्यावर कुणी कुणाला अडवलं, कुठल्या गावातून कुणी अंधार पडल्यावर जायचं नाही, हे इथं जन्मलेल्याला पाण्याच्या चवीसारखं माहीत असतं. यांना माहीत होतं. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "तू विचारलं न्हाईस." पूर्णा आणि चुडाव्याच्या मधल्या ज्या गावातून या पोरांना रात्री जाता येत नव्हतं, त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. आता तिथलीही माणसं बदलली असतील.

तिसरा शनिवार आला. आठवडाभर नामांतराची बातमी पुन्हा उठलेली. चुडावा लाइनचा उशिराचा सामना लोको शेडशी. मी परसात धुणं काढायचं निमित्त करून उभी. आठ वाजून दहा मिनिटांनी खांबांची टोकं विझली. सगळी कॉलनी काळी. मैदानावरून एक मोठा 'हो' आला आणि मग नुसतं बोलणं. कुणीतरी शीळ घालत होतं. मी अंधारात मिनिटं मोजत होते. पाच, दहा, पंधरा. माझी आठ मिनिटं कधीच संपली होती. दिवे आले तेव्हा चाळीस मिनिटं गेली होती.

सामना पुन्हा सुरू झाला. थप्प, थप्प. मग सव्वानऊला स्टेशनात पॅसेंजरनं शिट्टी दिली. आणि मैदानावरचे आवाज थांबले. सगळे नाहीत. पण पळणाऱ्या पायांचा जो एक गोंगाट असतो त्यातला अर्धा एकदम गळाला. अकरा पोरं उभी राहिली असणार, मान स्टेशनाकडं. भिंतीआडून मला ते स्पष्ट दिसलं. निघून गेले असते, तर नियम होता: मैदान सोडलं की सामना गेला. तोही मीच लिहिलेला, माझ्याच सुवाच्य अक्षरात. गाडी हलली, डबे वाजत वाजत पुलाकडं गेले, आणि चेंडूचा आवाज परत सुरू झाला. ती शांतता किती वेळ टिकली असेल? दहा सेकंद. मी अजून तिच्यातून बाहेर पडलेली नाही.

दहाला हे ड्यूटीवर जाता जाता घरात डोकावले. म्हणाले, "एक-एक झाला. पोरं रुळावरून चालत निघाली. अकरा खेळणारी आन् दोन राखीव."

"प्लॅटफॉर्मवर झोपायचं की."

"पोलीस बसू देईनात कुणाला. आन् प्रल्हाद म्हन्ला, घरी न्हाई पोचलो तर वस्तीतली मानसं हुडकायला निघतील. ती सडकेनं येतील, त्या गावातून. त्यापरीस आमीच जातो, रुळानं."

मला जेवण गेलं नाही. साडेदहाला मी यांचा डबा उचलला. डबा ते बरोबर घेऊन जात. त्या दिवशी विसरले होते, की मीच दिला नव्हता, आता आठवत नाही. सासूबाई दारात. "रातच्याला बाईमानूस रुळावर जातंय व्हय?" मी म्हटलं, "आलो." आणि गेले.

केबिनच्या लोखंडी जिन्याला दव लागलेलं. वर कंदील, दांड्यांची रांग, भिंतीवर फोन. हे मला बघून उठलेच. मी डबा ठेवला आणि म्हटलं, "गेटवर फोन लावा." रूळ जिथं सडक ओलांडतो तिथं फाटक असतं, फाटकाला गेटमन आणि त्याच्याकडं फोन. चुडाव्यापर्यंत अशी दोन फाटकं होती.

"येडी हायस काय. तो फोन गाड्यांसाठी असतो."

"मग गाडी समजा. तेरा डब्यांची."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. असं बघितलेलं आठवत नाही. फोनचा दांडा फिरवला. पहिल्या फाटकावरचा म्हातारा गेटमन म्हणाला, "गेली की. तेरा. म्होरं प्रल्हाद, हातात ब्याटरी." मी भिंतीला टेकून बसले. त्याच वेळी स्टेशनमास्तरांचा निरोप आला की मालगाडी सोडायची आहे, त्याच रुळावर. यांनी खाली जाऊन ड्रायव्हरला काय सांगितलं मला माहीत नाही. पण ती मालगाडी निघाली ती शिट्टी मारत, आणि शिट्टी मारतच राहिली. दूर, आणखी दूर, बारीक होत. मी आजपर्यंत कुठल्या आवाजाची इतकी ऋणी नाही. तो ड्रायव्हर कोण, कधी कळलं नाही.

पावणेबाराला दुसऱ्या फाटकाचा फोन वाजला. यांनी कान लावला आणि माझ्याकडं वळले.

"किती?" मी विचारलं.

"अकरा."

रेल्वेचा एक नियम हे मला पूर्वी कौतुकानं सांगायचे. इंजिन आलं म्हणजे गाडी आली नाही. शेवटच्या डब्याच्या मागं एक लाल दिवा असतो. तो दिवा डोळ्यांनी दिसल्याशिवाय 'गाडी पूर्ण आली' असं कुणी म्हणायचं नाही, आणि मागची गाडी सोडायची नाही. मधेच डबे तुटून राहिले असले तर? त्या रात्री त्यांनी तो नियम सांगितला नाही. फोनमध्ये एवढंच म्हणाले, "तेरा होते. शेवटचा दिवा बघितल्याबगर फोन ठिवू नको."

पलीकडून गेटमन म्हणाला, इतकं मोठ्यानं की मलाही ऐकू आलं, "पोरं हितंच बसलीत, मालक. म्हनतात, तेरा झाल्याबगर हलत न्हाई. शेकोटी पेटवलीय."

ती वाट बघणं कसं लिहावं मला येत नाही. कंदिलाची वात दोनदा वर केली. रुळांत कसलाही आवाज नव्हता. मी मनात दोन ओळी बघत होते. या शनिवारच्या दोन, पाचव्या शनिवारच्या दोन. एकाच रात्रीचे दोन सामने; पहिल्याच्या जागी दुसरा लिहायचा आणि दुसऱ्याच्या जागी पहिला. दोन ओळी वर-खाली. ना कुणाचा सामना जात होता, ना तारीख. एवढंच मागायला तो कोसभर चालून, गाडीनं येऊन, पायरीवर उभा राहिला होता. सगळ्यांना सारखा अंधार वाटला की झाला न्याय, असं मला वाटलेलं. कुणाला त्या अंधारातून किती लांब जायचंय, हा रकाना मी आखलाच नव्हता.

साडेबाराला फोन. "आले दोघं. लहान्याचा पाय मुरगळलाय, भोपळ्यावानी सुजलाय. प्रल्हादनं पाठीवर आनलं. गाडी आली तवा दोघं खाली नालीत निजले व्हते म्हनं." मग तो म्हणाला, "तेरा झाले, मालक. गाडी पूर्ण आली." यांनी फोन ठेवला, आणि आम्ही दोघांनी त्या एका डब्यात, गार झालेलं, अर्धं-अर्धं खाल्लं. मी घरी परतले तेव्हा सासूबाई दाराशी पांघरूण घेऊन बसलेल्या. त्यांनी सरकून वाट दिली.

सकाळी मी पाचव्या शनिवारच्या दोन ओळी वर-खाली केल्या. कुणाला न विचारता. यांच्या खिशातून किल्ली घेतली, डोक्यावर पदर घेतला आणि इन्स्टिट्यूटच्या बोर्डावरचा कागद स्वतः बदलला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्या मैदानावर उभी होते, आणि ते रिकामं होतं. चुन्याच्या रेघा दवानं पुसट झालेल्या. वाकड्याच होत्या.

दुपारी लोको शेडचा कॅप्टन व्यंकट आला. तेलुगू माणूस, इंजिनावर फायरमन, बोलणं अर्धं हिंदी. "वहिनी, ये क्या? आमाला तीन उशिराचे? सारखं म्हणून तुमीच बोलले होते."

"तुमचं घर कुठं आहे?"

त्यानं हनुवटीनं दाखवलं. "हे काय. समोर."

"मग?"

तो उभा राहिला. डोकं खाजवलं. मला वाटलं, आता कागद उतरतो. शेवटी म्हणाला, "लाईट गेली तर चाय पाठवा मग."

ताडकळसवालेही कुरकुरले, कारण त्या शनिवारी लोको शेडशी सामना त्यांचाच, आणि त्यांचेही तीन उशिराचे झाले. त्यांच्याकडं मोटारसायकली होत्या. एकीवर तिघं बसून जायचे. त्यांना मी म्हटलं, मोटारसायकलीला सव्वानऊची वेळ नसते. पुढच्या थंडीपासून मी वहीत एक रकाना वाढवला: परत जायचं कसं. त्यावरून दरवर्षी भांडणं झाली. चौकोन पुन्हा कधी सारखे जमले नाहीत, आणि कागद दिसायलाही पहिल्यासारखा देखणा राहिला नाही.

पाचव्या शनिवारी चुडावा लाइनचे लोक लवकरचा सामना हरून गाडीला दीड तास असताना मोकळे झाले. प्रल्हाद व्हरांड्याशी आला, पायरीवर थांबला. मी आतून कपबशी आणली, आमच्या रोजच्यातली. सासूबाई बघत होत्या. त्यानं चहा प्याला आणि कपबशी नळाखाली विसळून पालथी घातली, नेहमीसारखी. माझ्या एका कपानं ती सवय जाणार नव्हती. मी म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं." तो म्हणाला, "चुकलं न्हाई ताई. तुमाला वाट ठाव नव्हती." मग हसून, "आता लय लवकर सोडलंत. दीड तास काय करावं?" त्याच्या त्या हसण्याचे उपकार मी कुठं फेडणार. पुढं त्याला गँगमध्ये कायम केलं, बदली झाली, एवढंच ऐकलं. त्यानंतर काही थंड्यांनी नामांतर झालं. त्या रात्री कॉलनीत कुणाकडं पेढे होते आणि कुणाकडं दारं बंद. मी परसात उभी राहून चुडाव्याकडच्या अंधाराकडं बघितलं होतं, उगाच.

आता खाली जाळीतली पोरं मोबाइलवर तास ठरवतात. नऊ ते दहा, दहा ते अकरा. कोण कुठून येतं, कोण कसं जातं, कुणाला माहीत नाही. दिवे जात नाहीत. अकराला ते बंद होतात आणि पोरं जाळीच्या छोट्या दारातून एकेक वाकून बाहेर पडतात. मी गॅलरीत मोजते. आज दहा आत गेली होती. नऊ बाहेर आली, गाड्या सुरू झाल्या, निघून गेली. एक आत राहिला होता, अंधारात मोबाइलच्या उजेडानं काहीतरी शोधत. बूट असेल, चावी असेल.

"आई, आत या आता, दव पडतंय," सून म्हणाली.

"आलो," मी म्हटलं. "एक राहिलाय अजून."